सतरा नंबरची जुडी

सोमवारी पुन्हा पालक.
चार पाण्यांनी धुतलेला,
मुळं वेगळी, देठ वेगळे, पानं वेगळी,
रात्रभर भट्टीत साडेचारशे अंशांवर.
सकाळी मुशीच्या तळाला
कपाळाला लावावी इतकीच राख.

मी तिच्यावर आम्ल ओतते
आणि यंत्राला विचारते, कोण कोण येऊन गेलं?
शिसं, यंत्र सांगतं. थोडं क्रोमियम.
कॅडमियम.
(कॅडमियमपाशी आकडा लाल होतो.)

नमुना सतरा. नाग नदीचा काठ, पारडीच्या पुढे.
पाणी : मोटरपंपाने, नदीतूनच.
शेत कुणाचं : पंचफुला वाडीभस्मे.
आडनावातच भस्म, असं मनात आलं
आणि मग माझी मलाच लाज वाटली.

मुळाला डोळे नसतात.
ते काळोखात बोटं फिरवतं,
जराशी आंबट लाळ सोडून माती सैल करतं,
जस्त शोधतं. जस्त लागतंच, पोटाला.
आणि जस्तासाठी उघडलेल्या दारातून
त्याच्याच अंगलटीचं कॅडमियम आत शिरतं;
लग्नघरी कुठे कोण विचारतं
तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे.

शिसं बहुतेक खालीच बसतं, मुळाच्या सालीत,
गुडघे दुखणाऱ्या माणसासारखं.
हे मात्र चढतं.
वर पान उन्हात सुस्कारे टाकतं
आणि दर सुस्काऱ्याला
पाण्याची न तुटलेली दोरी बोटभर वर येते.
आमच्या नागपूरच्या उन्हात
सुस्काऱ्यांना काय तोटा.

पानाला कळतं की नाही, ठाऊक नाही.
पण ते मरत नाही.
गंधकाच्या बारीक गाठी मारून विषाचं गाठोडं बांधतं,
पेशीच्या मधल्या कोठीत लोटतं,
दार लावतं,
आणि हिरवं राहतं.
इतकं हिरवं, की गोकुळपेठेच्या बाजारात
गिऱ्हाइकाचा हात आधी त्याच जुडीवर पडतो.
माझाही पडलेला आहे. दोनदा तरी.

अहवाल पुढच्या तिमाहीत, साहेब म्हणाले.
रविवारी मी स्कूटी काढली.

ती बांधावर बसून सांभाराच्या जुड्या बांधत होती.
मी सांगितलं, जमेल तसं :
दर किलोला किती, मर्यादा किती.
किडनी म्हटल्यावर तिने मान वर केली.
"मंग? त्यानं काय चोरी केली का, बाई?
जे देल्लं ते खाल्लं अन् पोटात झाकून ठेवलं.
बायाईनं बी तेच केलं जलमभर."
मग थांबून,
"अन् पाणी कोनाचं हाय? माह्यं?"

माझ्या पिशवीत नियमावली होती.
मी ती काढली नाही.

झेंडू लाव, म्हटलं. तो कुणी खात नाही.
"झेंडू दसऱ्याले. बाकीच्या दिवसाईचं काय?"
तिने दातांनी सुतळी तोडली
आणि एक जुडी माझ्यापुढे धरली, सवयीने,
मग परत घेतली.

खंडेनवमीला ती फाटकाशी आली,
डोक्यावर टोपलं.
"तुह्या मशीनले."
आम्ही तराजूला हार घातला, भट्टीला घातला,
आम्लाच्या कपाटालाही एक.
प्रयोगशाळा पहिल्यांदाच
कुणाच्या तरी घरासारखी दिसली.

फुलं फार उरली.
संध्याकाळी झाडू घेऊन देवाजी विचारतो,
"म्याडम, नदीत सोडून देऊ?"

मी टोपलं धरून उभी.
झेंडूने ते मुळाशीच अडवलं,
की पाकळ्यांपर्यंत पोचवलं,
हे कळायला एक रात्र लागते
आणि साडेचारशे अंश.

भट्टीवर हळदकुंकू आहे.
परवापर्यंत ती पेटवायची नाही.